संत जस्टीन : तत्त्ववेत्ता आणि रक्तसाक्षी

१ जून रोजी ख्रिस्तसभा संत जस्टीन यांचे स्मरण करते. उपासनेच्या दिनदर्शिकेत त्यांच्या नावापुढे ‘रक्तसाक्षी’ हा शब्द असतो. ‘हुतात्मा’पेक्षा हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘साक्षीदार’ असाच आहे. पण साक्षीदार म्हटला की त्याची साक्ष खरी कशावरून, हा प्रश्न आलाच. दृढीकरणाच्या वर्गातील मुले तो सरळ विचारतात. आपल्या श्रद्धेसाठी इतर धर्मांतही माणसे मरतात, मग आपल्या रक्तसाक्ष्यांच्या मरणाने आपलाच विश्वास खरा कसा ठरतो? प्रश्न उद्धटपणाचा नाही. जस्टीन यांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले.

त्यांचा जन्म इ.स. १०० च्या सुमारास शोमरोनातील फ्लाविया नेआपोलिस या नगरात झाला. तेच आजचे नाब्लुस. प्रभू येशू ज्या विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीशी बोलला, ती विहीर याच नगराजवळ आहे. जस्टीन यांचे घराणे मात्र ना यहुदी होते ना ख्रिस्ती. तरुणपणी त्यांना सत्याचा ध्यास लागला आणि ते एकामागून एक गुरू करीत गेले. पहिल्या स्टोइक गुरूला देवाविषयी काही सांगता येईना. दुसऱ्याने थोड्याच दिवसांत फीचे बोलणे काढले! तिसरा पायथागोरसच्या पंथाचा होता. आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये, मग पाहू, असे त्याचे म्हणणे पडले. शेवटी प्लेटोच्या विचारांत त्यांचे मन रमले. अशातच समुद्रकिनारी एकांतात फिरताना त्यांना एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी जस्टीन यांच्या तत्त्वज्ञानाला बारीक प्रश्न विचारले आणि जुन्या करारातील संदेष्ट्यांकडे त्यांचे लक्ष वेधले. ते वृद्ध कोण होते हे जस्टीन सांगत नाहीत. पुन्हा त्यांची भेट झाली नाही, एवढेच ते नमूद करतात.

आपल्या परिवर्तनाची दुसरी एक हकिकत त्यांनी वेगळ्या ग्रंथात दिली आहे. त्या काळी ख्रिस्ती लोकांविषयी भयंकर अफवा पसरल्या होत्या. ते माणसाचे मांस खातात, अंधारात व्यभिचार करतात, असे लोक उघड बोलत. जस्टीन यांनीही हे ऐकले होते. पण हेच लोक मरणाला निर्भयपणे सामोरे जाताना त्यांनी पाहिले आणि मनात हिशेब मांडला. जो देहाच्या सुखासाठी हपापलेला असतो, तो सर्व सुखे हिरावून घेणारे मरण आपण होऊन कशाला पत्करील? तो जमेल तसे खोटे बोलून जीव वाचवील. म्हणजे अफवा खोट्या आहेत.

बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबावे असे मला वाटते. ‘हे लोक मरतात, म्हणून यांची शिकवण खरी’ असे जस्टीन यांनी म्हटले नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष लहान आहे, पण पक्का आहे. हे लोक दुराचारी नाहीत, ढोंगी नाहीत, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे, एवढाच तो निष्कर्ष. ते म्हणणे खरे की खोटे हे ठरवण्यासाठी त्यांनी संदेष्ट्यांचे ग्रंथ चाळले, प्रभू येशूच्या जीवनाशी ते पडताळून पाहिले, वादविवाद केले. कोर्टात प्रामाणिक साक्षीदाराचीही चूक होऊ शकते. पण प्रामाणिकपणाच सिद्ध नसेल, तर साक्ष तपासायला घेण्यातही अर्थ नसतो.

ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तत्त्ववेत्त्याचा झगा उतरवला नाही. रोममध्ये ते शिकवू लागले आणि इ.स. १५५ च्या सुमारास त्यांनी सम्राट आंतोनिनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बचावाचा ग्रंथ लिहिला. रविवारच्या उपासनेचे अत्यंत जुने वर्णन त्यातच सापडते. वाचने, प्रमुखाचा उपदेश, प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, लोकांचे ‘आमेन’, गैरहजर असलेल्यांकडे डीकनांमार्फत पाठवलेला प्रसाद, आणि अनाथ, विधवा, आजारी यांच्यासाठी गोळा केलेली मदत. आज आपण मिस्सात जे करतो ते यापेक्षा फार वेगळे नाही.

मुलांच्या प्रश्नाची दुसरी बाजूही जस्टीन यांना ठाऊक होती. सॉक्रेटिसला विष प्यावे लागले, काही स्टोइक विचारवंतांनाही जीव गमवावा लागला, हे ते स्वतःच लिहितात. त्यांचे मरण ते कमी लेखत नाहीत. देवाच्या शब्दाचे बीज प्रत्येक मानवात पेरलेले आहे आणि जो त्यानुसार जगतो त्याचा जगात द्वेष होतो, असे त्यांचे उत्तर आहे. (हीच बीजांची भाषा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मपरंपरांविषयी बोलताना वापरली.) मग फरक कोठे? जस्टीन म्हणतात की सॉक्रेटिसच्या शिकवणुकीसाठी कोणी प्राण दिला नाही. ख्रिस्तासाठी मात्र विद्वानांबरोबर कारागीर आणि निरक्षर माणसेही मरणाला भ्याली नाहीत. हा मुद्दा मला जोरकस वाटतो, पण तेवढ्याने वाद मिटतो असे मी म्हणणार नाही.

कारण तेच मरण पाहून इतरांनी वेगळे अर्थ लावले. ‘गालीलकर’ मरणाला भीत नाहीत ते केवळ सवयीमुळे, असे स्टोइक गुरू एपिक्टेटस याचे मत होते. सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या चिंतनिकेत ख्रिस्ती लोकांच्या मरणाला निव्वळ हट्ट म्हटले आहे, मात्र तेथील ‘ख्रिस्ती’ हा शब्द मागाहून घुसला असावा असे काही अभ्यासक मानतात. एपिक्टेटसची शिकवण या सम्राटाच्या हाती देणारा त्याचा गुरू म्हणजे ज्युनियस रुस्टिकस. हाच रुस्टिकस पुढे रोमचा नगरप्रमुख झाला आणि इ.स. १६५ च्या सुमारास जस्टीन त्याच्याच न्यायासनापुढे उभे राहिले.

या खटल्याचा जुना वृत्तांत टिकून आहे. जस्टीन यांच्याबरोबर सहा जण होते : खारितो नावाची स्त्री, खारितोन, सम्राटाच्या घरातील गुलाम एवेल्पिस्तस, हिएराक्स, पेओन आणि लिबेरियन. तुम्ही कोठे जमता, असे रुस्टिकसने विचारले. एका स्नानगृहाच्या वर मी राहतो आणि जो येईल त्याला शिकवतो, असे जस्टीन यांनी सांगितले. मग जस्टीनने तुम्हांला ख्रिस्ती केले काय, असे त्याने इतरांना विचारले. गुरूने शिष्यांना भुलवले असे त्याला दाखवायचे असावे. पण एवेल्पिस्तस आणि पेओन यांनी हा विश्वास आपल्याला आईवडिलांकडून मिळाल्याचे सांगितले. शेवटी रुस्टिकसने जस्टीन यांना विचारले की, शिरच्छेद झाल्यावर आपण स्वर्गात जाऊ असे तुला वाटते का? मला तसे वाटत नाही, मला त्याची खात्री आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

देवांना बळी अर्पण करा, असे सातही जणांना फर्मावण्यात आले. कोणीही तयार झाले नाही. त्यांना फटके मारून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. काही श्रद्धावंतांनी गुपचूप त्यांचे देह उचलून नेले आणि योग्य जागी पुरले.