डॉ. लेस्ली कोलमन : म्हैसूरच्या शेतीचे कीटकशास्त्रज्ञ

वैज्ञानिकाच्या संशोधनाचे मोल, त्याच्या निबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून ठरविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. विज्ञाननिबंधांची उल्लेखसूची यूजीन गार्फील्ड यांनी १९६४ साली प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. डॉ. लेस्ली चार्ल्स कोलमन यांचे निधन त्यापूर्वी दहा वर्षे, १९५४ साली झाले होते. शिवाय त्यांचे महत्त्वाचे लेखन म्हैसूर संस्थानच्या शेतकी खात्याच्या पत्रिकांतून प्रकट झाले. आणि असल्या पत्रिका या गणतीत सहसा धरल्या जात नाहीत. या मापाने पाहिले तर कोलमन यांची गणना सामान्य संशोधकांत होईल. त्यांच्या कार्याचा ठसा मात्र दक्षिणेतील शेतांत आणि बागांत आजही दिसतो.

कोलमन यांचा जन्म कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १८७८ साली झाला. टोरांटो विद्यापीठातून १९०४ मध्ये पदवी घेतल्यावर ते जर्मनीत गटिंगेन येथे गेले व जमिनीतील जिवाणूंकडून होणाऱ्या नत्रीकरणावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९०८ साली ते बेंगळूरला आले ते म्हैसूर सरकारचे कवकशास्त्रज्ञ व कीटकशास्त्रज्ञ म्हणून. जिवाणूंचा अभ्यास केलेल्या तिशीतील या तरुणावर एका मोठ्या संस्थानातील पिकांच्या सर्व कीड-रोगांची जबाबदारी येऊन पडली. कुन्ही कन्नन यांच्यासारखे साहाय्यक त्यांना लाभले. पुढे तेच म्हैसूरचे पहिले भारतीय कीटकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले.

आरंभीच्या वर्षांत कोलमन यांनी ज्वारीवरील नाकतोड्याचा अभ्यास हाती घेतला. कानडीत ज्वारीला ‘जोळ’ म्हणतात, म्हणून हा ‘जोळ नाकतोडा’. दख्खनच्या पठारावरील ज्वारीच्या पट्ट्यात तो पिकाची नासाडी करीत असे. पूर्ण वाढ झाली तरी त्याला उडण्याजोगे पंख येत नाहीत आणि वर्षात त्याची एकच पिढी होते. पावसाळा सरल्यावर मादी जमिनीत अंडी घालते. ती कोरडे महिने मातीतच निद्रिस्त राहतात व मृगाच्या सुमारास ओल मिळताच फुटतात. कीटकाच्या शरीरधर्मातील ही गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक होती. जो कीटक उडून जाऊ शकत नाही आणि ज्याची अंडी सात-आठ महिने एकाच जागी पडून असतात, त्याचा बंदोबस्त नांगराने आणि पिले लहान असताना जाळीने करता येतो. शत्रूचे जीवनचक्र आधी जाणावे, उपाय मागून योजावा, ही कोलमन यांची रीत होती. माद्रिदचे कीटकशास्त्रज्ञ इग्नासिओ बोलिव्हार यांनी १९१० साली या नाकतोड्याची नवी प्रजाती स्थापिली व तिला ‘कोलमानिया’ असे नाव दिले.

त्याच वर्षी सुपारीच्या कोळे रोगावरील त्यांची पत्रिका प्रसिद्ध झाली. कोकणातील बागाईतदारही हा रोग याच नावाने ओळखतात. मलनाडच्या धुवाधार पावसात सुपारीचे कोवळे फळ कुजून गळते. घडांवर गवतापानांची आच्छादने बांधणे हा पूर्वापार चालत आलेला उपाय होता. तो कष्टाचा होता. या रोगास कारणीभूत असलेल्या कवकाची ओळख कोलमन यांनी पटविली. त्याची बीजुके पाण्यात पोहतात, म्हणूनच पावसात रोग झपाट्याने पसरतो. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींसाठी योजलेले मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण यावर गुणकारी होते. परंतु संततधारेत ते टिकत नसे. तेव्हा राळ आणि सोडा घालून त्याला चिकटपणा आणण्यात आला. पावसाळ्यापूर्वी बोर्डो मिश्रण फवारण्याची शिफारस आजही सुपारीच्या बागांसाठी केली जाते.

कोलमन यांनी हे कवक एका ज्ञात जातीचा प्रकार म्हणून वर्णिले होते. पेथिब्रिज यांनी १९१३ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. वनस्पतिशास्त्राच्या संकेतानुसार अशा वेळी मूळ वर्णनकाराचे नाव कंसात लिहितात. कोलमन यांचे नाव अशा रीतीने कंसात राहिले. पुढील पिढ्यांनी त्या जातीचे वर्गीकरण पुनःपुन्हा तपासले. उपाय मात्र टिकून राहिला.

चंदनाच्या ‘स्पाइक’ रोगाने संस्थानचे मोठे उत्पन्न धोक्यात आणले होते. रोगट झाडाचे कलम निरोगी झाडावर केल्यास रोग संक्रमित होतो, हे कोलमन यांनी १९१७ साली दाखविले. त्यामुळे हा रोग जमिनीच्या दोषातून उद्भवतो ही समजूत मागे पडली. त्याचे सूक्ष्म कारक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते १९६९ साली.

दरम्यान कोलमन यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले होते. विश्वेश्वरय्या यांच्या दिवाणगिरीत, १९१३ च्या सुमारास, ते शेतकी खात्याचे संचालक झाले. महाराणी वाणीविलास यांनी १८९९ साली दिलेल्या जमिनीवर हेब्बाळचे प्रयोगक्षेत्र उभे होते. तेथे १९१३ मध्ये शेतकी शाळा सुरू झाली. १९२५ साली बाळेहोन्नूरला कॉफी प्रयोगकेंद्र स्थापन झाले. कृष्णराजसागराच्या कालव्याखाली मंड्याच्या परिसरात ऊस आला आणि १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना निघाला. या सर्व कामांत कोलमन यांचा हात होता. १९३४ साली ते निवृत्त झाले. त्या दोन दशकांत प्रयोगशाळेतील त्यांचा वेळ कार्यालयाने घेतला, ही हानी लहान नव्हे. ज्याने सुरुवातीच्या तीन वर्षांत दोन मोठे प्रश्न उलगडले, तो निव्वळ संशोधक राहता तर कितीतरी अधिक लिहिता. परंतु संशोधनाचे फळ शेतापर्यंत नेणारी यंत्रणाच जेथे नाही, तेथे ती उभारणे हेही त्यांनी आपलेच काम मानले.

मनातील ओढ मात्र शमली नव्हती. निवृत्तीनंतर ते टोरांटोला परतले आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसून गुणसूत्रांच्या अभ्यासात रमले. १९४३ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याचा विषय होता नाकतोड्यांच्या कुळातील गुणसूत्रांची रचना.

हेब्बाळच्या शाळेचे १९४६ मध्ये महाविद्यालय झाले आणि १९६४ मध्ये बेंगळूरला कृषिविद्यापीठ स्थापन झाले. जून उजाडण्यापूर्वी मोरचूद आणि चुना कालवणारा बागाईतदार कोलमन यांचे नाव जाणत नसेल. त्याने वाचविलेला सुपारीचा प्रत्येक घड हा त्या विस्मृत पत्रिकेचाच उल्लेख होय. कोणत्याही सूचीत त्याची नोंद होत नाही.