शरीरात बसवलेल्या पेसमेकरचे पहिले रुग्ण : आर्ने लार्सन

पेसमेकर बसवायला सांगितले की आता मशीनवर जगायचे, या विचाराने घरचे हबकतात. अशा वेळी आर्ने लार्सन यांचे आयुष्य माहीत असावे.

लार्सन यांचा जन्म १९१५ चा, स्वीडनमधला. ते इंजिनिअर होते. चाळिशीत एका संसर्गानंतर त्यांना कम्प्लीट हार्ट ब्लॉक झाला. म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघणारा विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेना. रक्तवाहिनीतला ब्लॉकेज वेगळा. हा अँजिओप्लास्टीने जात नाही. नाडी मंदावली की मेंदूला रक्त कमी पडे आणि दिवसातून वीस-तीस वेळा ते बेशुद्ध होत.

स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातले सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट पेसमेकरवर काम करत होते. माणसाच्या शरीरात बसवण्याजोगे यंत्र मात्र अजून तयार नव्हते. लार्सन यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी दोघांचा पिच्छाच पुरवला. अखेर एल्मक्विस्ट यांनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून यंत्र घडवले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी सेनिंग यांनी ते बसवले.

काही तासांतच ते बंद पडले. लगेच दुसरे बसवले. पुढेही यंत्रे आणि तारा बदलाव्या लागल्या. आयुष्यभरात एकूण २६ पेसमेकर झाले. तरीही लार्सन काम करत, हिंडत-फिरत जगले. २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्वचेच्या कॅन्सरने त्यांचे निधन झाले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट त्यांच्या आधीच गेले होते.

आजच्या रुग्णांसाठी

आजचा पेसमेकर साधारण २५-३० ग्रॅमचा असतो. तो बहुधा जागा बधिर करून कॉलरबोनखाली बसवतात. आकुंचन पावण्याचे काम हृदयच करते. ठोका वेळेवर पडला नाही तर पेसमेकर फक्त इशारा देतो. बॅटरी बहुतेकदा आठ-दहा वर्षे चालते. ती संपत आली म्हणजे आजार वाढला असे नाही. पेसमेकरचे कार्ड जवळ ठेवा, मोबाइल त्या बाजूच्या खिशात ठेवू नका आणि एमआरआयपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा.

छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळ्यात आजोबा चक्कर येऊन पडले तर ऊन लागले, उपवास बाधला, असे म्हणून आपण लिंबूपाणी देतो. शुद्ध हरपली असेल किंवा नाडी फार मंद लागत असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. त्यात काही दिसले नाही आणि त्रास पुन्हा झाला, तर २४ तासांच्या होल्टर तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. घरच्यांनी पाठपुरावा केला म्हणूनच लार्सन यांना पुढची ४३ वर्षे मिळाली.