कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा महाराजा कसा झाला?

१८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाड यांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले. खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाड भाऊबंदांची मुले बडोद्याला नेण्यात आली. त्यांतून काशीरावांचा १२ वर्षांचा गोपाळ निवडला गेला. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. गोपाळचे नाव सयाजीराव झाले. गाव आणि आई-वडिलांचे घर मागे राहिले.

शेतकऱ्याच्या या मुलाला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. शिक्षण बडोद्यातच सुरू झाले. १८८१ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले. १९०६ मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला शिकायला गेले.