फादर स्टीफन्स

नाताळाच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती लोक प्रतीक्षेचे मानतात. या काळास आगमनकाळ असे म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. तरी महाराष्ट्रातील इतर ठिकाणांप्रमाणे तेथेही येशूच्या जन्माची कथा मराठीत सांगितली जाते आणि मराठीत गायिली जाते. ही कथा सुमारे चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत गुंफणारा कवी मात्र मराठी मुलखात जन्मलेला नव्हता. तो दूर इंग्लंडातून आला होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

थॉमस यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक पंथाच्या लोकांचा छळ होत असे. आपल्या श्रद्धेप्रमाणे जगता यावे म्हणून थॉमस यांनी मायदेश सोडला. १५७५ साली रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बन बंदरातून हिंदुस्थानाकडे निघाले. वाटेत वादळे झाली, रोगराई पसरली आणि काही प्रवासी दगावले. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढल्यानंतर २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

गोव्यात त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य तेथील सासष्टी महालात गेले. तेथील परिस्थिती मोठी कठीण होती. राज्यकर्त्यांनी देवळे पाडली होती आणि लोकांचे जुने धर्मग्रंथ बाळगण्यास मनाई केली होती. लोकांच्या मनात रोष धुमसत होता. १५८३ साली कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी येशूसंघाच्या पाच जणांना व त्यांच्या काही सोबत्यांना ठार मारले. त्याचा सूड म्हणून राज्यकर्त्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून त्यांचा वध केला. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे दुःखद कर्तव्य स्टीफन्स यांच्यावर आले.

एवढा मोठा आघात होऊनही त्यांनी त्या लोकांकडे पाठ फिरवली नाही. त्यांची भाषा ते अधिकच आस्थेने शिकू लागले. येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन या भाषांशी जुळते, ही गोष्ट त्याच वर्षी त्यांनी आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात नमूद केली होती. जो गुरू म्हणून आला होता, तो अशा रीतीने प्रथम विद्यार्थी झाला.

पुढे त्यांनी एक मोठा ग्रंथ रचला. त्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. एके दिवशी सासष्टीतील चर्चमध्ये मुलांना धर्माचे पाठ दिले जात होते. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण आला. त्याने पाद्रींना आपल्या मनातील खंत सांगितली. पूर्वीची पुराणे वाचण्याची आता आम्हांस मनाई आहे; मग त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरी पुराणे का रचली जात नाहीत, असे त्याने विचारले. ही मागणी रास्त होती. ज्यांच्या हातून ग्रंथ काढून घेतले गेले, त्यांचे मन केवळ पाठांतराच्या प्रश्नोत्तरांनी कसे भरणार? कथा ऐकावी, ओव्या गाव्या, सर्वांनी एकत्र बसून रात्र जागवावी, ही तर या भूमीची जुनी रीत होती.

स्टीफन्स यांनी हे मर्म ओळखले. पैठणचे एकनाथ महाराज हे त्यांचे समकालीन होत. ज्या ओवीत एकनाथांनी आपली रचना केली, तीच ओवी या परदेशी साधूने हाती घेतली. त्यांच्या ग्रंथाचे नाव क्रिस्तपुराण. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. भाषा मराठी असून तीत कोकणी शब्दांची पखरण आहे. पहिल्या भागात सृष्टीच्या आरंभापासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या पिढ्यांची कथा आहे. दुसऱ्या भागात येशूचे जन्म व जीवन आहे. आगमनकाळातील प्रतीक्षा आणि नाताळचा आनंद हेच जणू या ग्रंथाचे दोन भाग होत. ग्रंथात मराठी भाषेचे मुक्तकंठाने गुणगानही त्यांनी केले आहे.

हा ग्रंथ देशी अक्षरांतच छापावा अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोम येथील वरिष्ठांकडे तशी परवानगी मागितली. परंतु तसे खिळे तयार झाले नाहीत. अखेर १६१६ साली राशोल येथे क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. तीन वर्षांनी, १६१९ साली, गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. कोकणी भाषेचे त्यांनी लिहिलेले व्याकरण त्यांच्यामागे १६४० साली प्रसिद्ध झाले.

क्रिस्तपुराण चर्चमधून वाचले जाऊ लागले. परंतु १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषांचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. तरीही मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने लिहिलेल्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. अशा प्रतींच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. १९५६ साली पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ती निघाली आणि स्टीफन्स यांची मनीषा साडेतीनशे वर्षांच्या आत पूर्ण झाली.

स्टीफन्स ज्या राजवटीच्या आश्रयाने आले, तिने लोकांचे ग्रंथ हिरावले आणि पुढे त्यांची भाषाही हिरावू पाहिली. स्टीफन्स यांनी मात्र त्याच भाषेची चाळीस वर्षे सेवा केली. परक्याची भाषा मनापासून शिकणे हा त्याला आपलेसे करण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे, हे त्यांच्या चरित्रावरून आपणांस कळते.