पंचवीस वर्षांचे आयुष्य आणि गिटारला मिळालेला आवाज

जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात गिटार असे, परंतु ती ऐकू मात्र येत नसे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गजरात तिच्या वाट्याला केवळ ठेका धरण्याचे काम आले होते. या मूक वाद्याला स्वतंत्र आवाज मिळवून देणाऱ्यांत अग्रस्थानी असलेला कलावंत म्हणजे चार्ली ख्रिश्चन.

चार्लीचा जन्म २९ जुलै १९१६ रोजी टेक्सासमधील बॉनहॅम येथे झाला. बालपण गेले ओक्लाहोमा सिटीत. वडिलांची दृष्टी गेलेली. मुलांना सोबत घेऊन सुखवस्तू वस्त्यांतून वाद्ये वाजवत ते संसार चालवीत. शाळेत असताना सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासून चार्लीने गिटारी बनविल्याची आठवण, त्याच शहरात वाढलेले लेखक राल्फ एलिसन यांनी नोंदविली आहे.

१९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही गिटार बाजारात आणली. तिचे अंग नेहमीच्या गिटारसारखे पोकळ. मात्र आत लांब चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला पिकअप बसविलेला. पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत्‌संकेत होऊन ॲम्प्लिफायरमधून नाद उमटे. ही गिटार चार्लीच्या हाती आली आणि सॅक्सोफोनसारखे लांबलचक, सलग स्वरालाप तिच्यातून उमटू लागले.

ऑगस्ट १९३९ मध्ये जॉन हॅमंड यांनी त्याला लॉस एंजेलिसला बोलावून घेतले. वाद्यवृंदप्रमुख बेनी गुडमन मात्र या अनोळखी तरुणाविषयी साशंक होते. रात्रीच्या कार्यक्रमात त्याला परस्पर मंचावर आणले गेले. त्याला ठाऊक नसेल अशा समजुतीने गुडमन यांनी ‘रोझ रूम’ ही धून सुरू केली. चार्लीने ती अशी रंगवली की वादन चाळीस मिनिटांहून अधिक काळ चालले, असे सांगतात. वर्णभेदाच्या त्या काळात गुडमन यांच्या संचात या कृष्णवर्णीय तरुणाचे स्थान पक्के झाले.

गुडमन यांचा कार्यक्रम आटोपला की तो न्यूयॉर्कच्या हार्लेममधील मिंटन्स प्लेहाऊस गाठी. थेलोनियस मंक, केनी क्लार्क यांच्यासमवेत रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या तेथील मैफलींतून बीबॉप ही नवी शैली आकाराला येत होती. १९४१ च्या मे महिन्यात एका विद्यार्थ्याने केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे त्यातील काही वादन आजही ऐकता येते.

त्याच वर्षी क्षयाने उचल खाल्ली. स्टेटन आयलंडवरील सीव्ह्यू आरोग्यधामात २ मार्च १९४२ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४३ मध्ये. चार्लीला तेवढीही सवड मिळाली नाही.

१९९० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याचा गौरव केला. कारागिरांनी मात्र त्याचे नाव आधीच जपले आहे. त्या जुन्या पिकअपला ते ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ असेच म्हणतात. वेटोळे तुटले तर नव्याने गुंडाळतात, चुंबक क्षीण झाला तर पुन्हा भारतात. दुरुस्त झालेली ती गिटार वाजू लागली की ऐकणाऱ्याला प्रथम आठवतो तो चार्लीच.