बालगंधर्वांचा शालू आणि आबिड्सचं दुकान

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, भालकी या पट्ट्यातल्या माणसाला हैदराबादचं आबिड्स वेगळं सांगावं लागत नाही. घरात लग्न ठरलं की काचीगुड्याला उतरायचं, सुलतान बाजार, कोठी, आबिड्स असा फेरा मारायचा आणि गाठोडी घेऊन रात्रीच्या गाडीनं परत, हे कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या चालू आहे. आबिड्स हे नावसुद्धा एका दुकानावरूनच पडलंय. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी अल्बर्ट आबिद नावाचा आर्मेनियन माणूस होता. निजामाच्या कपड्यालत्त्याची व्यवस्था तो बघायचा. त्यानं पुढे इथं दुकान थाटलं, आणि सगळा भागच त्याच्या नावानं ओळखला जाऊ लागला.

या बाजारातल्या कुठल्याही साडीच्या दुकानात एक गोष्ट हमखास दिसते. गादीवरचा विक्रेता, मिशा असलेला चांगला बाप्या माणूस, साडी उलगडतो, भराभर निऱ्या घालतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतो आणि आरशासमोर उभा राहून काठ कसा पडतो ते दाखवतो. समोर बसलेल्या आयाबाया त्याच्याकडे बारकाईनं बघतात. कुणी हसत नाही. पण तीच साडी एखादा पुरुष स्वतःसाठी घ्यायला आला, तर? तो बहुतेक वेळा बहिणीसाठी हवी, बायकोसाठी हवी असं काहीतरी सांगतो, रंग झटकन निवडतो आणि पैसे देऊन निघतो. खांद्यावर पदर टाकून बघायची हिंमत त्याला होत नाही.

अशा वेळी आठवण येते ती एका मराठी माणसाची. त्यानं आयुष्यभर भारीतले भारी शालू नेसले, तेही हजारो लोकांसमोर, आणि घराघरातल्या बायकांनी साडी कशी नेसावी हे त्याच्याकडून उचललं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

नारायणचा बालगंधर्व झाला

जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणं सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचं. गळा लहानपणापासूनच गोड. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या पोराचं गाणं ऐकलं आणि त्याला बालगंधर्व म्हटलं. ते नाव असं चिकटलं की मूळ नाव फक्त कागदावर उरलं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांचीही त्याच्यावर नजर होती. नारायणच्या कानाचं दुखणं होतं. त्यावर मिरजेच्या दवाखान्यात उपचार व्हावेत म्हणून महाराजांनीच व्यवस्था केली. पुढे १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश झाला आणि मिरजेलाच शाकुंतलमधल्या शकुंतलेच्या वेशात तो रंगमंचावर आला. वय सतरा.

त्या काळी कुलीन घरातल्या बायकांनी नाटकात काम करणं अशक्यच मानलं जायचं. म्हणून स्त्रीच्या भूमिका पुरुषच करायचे. बालगंधर्वांच्या आधी भाऊराव कोल्हटकरांनी हेच केलं होतं. गुजराती रंगभूमीवर जयशंकर सुंदरी होते, आणि मुंबईच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला बघायच्या. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे बापटलाचे स्थानम नरसिंह राव होते. त्यांची सत्यभामा तिकडचे जुने लोक अजून विसरले नाहीत. १९५६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे हा काही एकट्या महाराष्ट्राचा मामला नव्हता.

कपडा हीच भूमिका

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं मानापमान रंगमंचावर आलं. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करा असं कुणी म्हटलं असतं तर चुकलं नसतं. पण ते भामिनीचा शृंगार करून उभे राहिले आणि प्रयोग झाला. ही गोष्ट मराठी घरांत अजून सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो.

या नाटकातली भामिनी श्रीमंताघरची लेक. गरीब शिपाईगड्याला ती आधी नाकारते, मग साध्या मुलीच्या वेशात त्याच्या जवळ जाऊन त्याची पारख करते. म्हणजे नाटकाचा अर्धा अर्थ कपड्यातच. भरजरी वस्त्रातली भामिनी आणि साध्या लुगड्यातली तीच भामिनी, या दोघी प्रेक्षकाला एकाच अंगावर दिसायला हव्यात. बालगंधर्वांना हे फार चांगलं कळत होतं.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय मिळाला. १९१६ ला स्वयंवर आलं. त्यातली रुक्मिणी, आणि तिच्यासाठी भास्करबुवा बखल्यांनी बांधलेल्या चाली, यांनी लोकांना वेड लावलं.

यानंतर खर्चाला धरबंध राहिला नाही. नाटकातला शालू म्हणजे चमकी लावलेला खोटा कपडा, ही जुनी रीत त्यांना मान्य नव्हती. जर खरी हवी, पैठणी खरी हवी, दागिना अस्सल हवा. अत्तरसुद्धा उंची, जे प्रेक्षकाला दिसणार नाही पण त्याच्यापर्यंत पोचेल. त्या काळचं पैठण निजामाच्याच राज्यात होतं, हे आपल्या भागातल्या वाचकाला मुद्दाम आठवून द्यायला हवं.

नऊवारी लुगडं असो की सहावारी साडी, तिला माप नसतं. ती उंच माणसाला पुरते, ठेंगण्याला पुरते, बाईला पुरते आणि बाप्यालाही. खरी अडचण पोलक्याची. खांदे रुंद, दंड भरलेले, छातीचं माप वेगळं. ते शिंप्याकडून अंगावरच बेतून घ्यावं लागतं. बांगडीचं तसंच. आजही बांगड्या दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशा मापात मिळतात आणि पुरुषाच्या हाताला बहुधा दोन-दहा लागते. नाटक कंपनीत कपडेपट असायचा, हाताखाली माणसं असायची, त्यामुळे नटाला या अडचणी एकट्यानं सोसाव्या लागत नव्हत्या. पण अंगावरचं वस्त्र चालताना, बसताना, पदर सावरताना बाईचंच वाटावं, हे कुठल्या शिंप्याला शिवून देता येत नाही. ते त्यांनी निरखून निरखून मिळवलं होतं.

मग उलटा प्रवास सुरू झाला. घरंदाज बायका नाटकाला यायच्या आणि रुक्मिणीचा पदर, केसांतला गजरा, नथीची ठेवण डोळ्यांत साठवून घरी न्यायच्या. बालगंधर्वांचं स्त्रीवेशातलं चित्र कॅलेंडरवर आलं, साबणाच्या आणि पावडरीच्या जाहिरातीत आलं. बायकांनी काय घ्यावं, कसं नेसावं, हे एका पुरुषाकडे बघून ठरत होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

१९१९: इकडे सिंधू, तिकडे कायदा

१९१९ साली राम गणेश गडकरींचं एकच प्याला रंगमंचावर आलं. गडकरी महिनाभर आधीच गेले होते. यातली सिंधू दारुड्याची बायको. घर बुडत जातं तशी तिच्या अंगावरची वस्त्रं उतरत जातात. जो नट खऱ्या जरीशिवाय उभा राहत नव्हता, तोच फाटकं, ठिगळ लावलेलं लुगडं नेसून आला आणि बघणारे रडले. शालूचा हट्ट हा नुसता डामडौल नव्हता, हे त्या ठिगळानं दाखवून दिलं. पात्राच्या अंगावर जे असायला हवं तेच असलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आता त्याच सुमाराला आपल्या निजामाच्या राज्यात काय झालं ते बघा. १३२९ फसली, म्हणजे १९१९ च्या आसपास, हैदराबाद राज्यात हिजड्यांसाठी एक कायदा आला. पोलिसांनी त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंदलेली व्यक्ती बाईच्या कपड्यात, दागिने घालून रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय पकडायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा हे सगळे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते.

एकाच काळात रंगमंचावरच्या साडीला टाळ्या पडत होत्या आणि रस्त्यावरच्या साडीला बेड्या. साडी तीच, नेसणाऱ्याच्या अंगावर पडणारा उजेड फक्त वेगळा होता. बालगंधर्व स्वतः नाटक संपलं की धोतर, कोट, टोपी घालून हिंडायचे. त्यांचं स्त्रीरूप रंगमंचापुरतं होतं आणि समाजाला ते तेवढंच हवं होतं. ज्यांना मेकअप पुसून घरी जायची सोय नव्हती, त्यांच्यासाठी हा कायदा होता.

निजामी गेली, राज्यं बदलली, पण तेलंगणात हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. त्याआधी १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की कपड्यातून, बोलण्याचालण्यातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे.

उतरणीचा रस्ता

शालू, दागिने, भव्य देखावे, मंडळींचे पगार आणि पंक्ती यांचा हिशोब कधीच जुळला नाही. १९२१ च्या सुमारास कंपनीवर लाखाच्या वर कर्ज होतं. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत त्यांनी केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त मानापमान केलं, तेही स्वतःसाठी नाही, टिळक स्वराज्य फंडासाठी. कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

तोवर काळ बदलला. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर आल्या. १९३३ च्या आंधळ्यांची शाळा नाटकात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. बोलपट आला. १९३५ ला प्रभातच्या धर्मात्मामध्ये बालगंधर्वांनी संत एकनाथांचं काम केलं, पण पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले. वय वाढलं, अंग सुटलं, तरी साडी नेसून उभे राहत राहिले. गाणं सुरू झालं की लोक डोळे मिटून घ्यायचे आणि जुनी रुक्मिणी आठवायचे.

१९३८ च्या सुमारास गोहर कर्नाटकी कंपनीत आल्या. त्या विजापूरकडच्या बिळगीच्या, अमीरबाई कर्नाटकींची बहीण, मराठी बोलीतल्या कानडी मुलखातल्या मुसलमान गायिका. बालगंधर्वांचं गाणं त्यांनी गळ्यात पुरतं उतरवलं होतं. पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई गेल्यानंतर १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. लोकांनी बरंच तोंडसुख घेतलं. ज्याला बाईच्या रूपात डोक्यावर घेतलं, त्यानं पुरुष म्हणून आपल्या मनानं लग्न केलं ते मात्र खपलं नाही. पण पायांनी साथ सोडली, पैसा संपला, तेव्हा सेवा गोहरबाईंनीच केली. १९६४ ला त्या गेल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

दोन चित्रं

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ ला सुरू झालं. तिथं गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रं आहेत. एक नेहमीच्या पुरुषी पोशाखातलं, दुसरं स्त्रीभूमिकेतलं. देऊसकर निजामाच्या शिष्यवृत्तीवर युरोपात जाऊन चित्रकला शिकलेले, म्हणजे हैदराबादचा धागा तिथंही आहेच. दोन्ही चित्रं सारख्याच मानानं लावलीत. येणारा माणूस दोन्हींकडे बघतो, नमस्कार करतो आणि आत जातो.

हे सगळं आठवायचं कारण आबिड्सच्या गादीवर आहे. आपल्या आज्यांनी, पणज्यांनी पदर घ्यायची रीत एका पुरुषाकडून उचलली, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग पुढच्या वेळी लग्नाची खरेदी करताना शेजारच्या गिऱ्हाइकाचा हात एखाद्या मोरपंखी साडीवर जरा जास्त वेळ रेंगाळला, आणि ते गिऱ्हाईक पुरुष असलं, तर आपण एवढं तरी करावं. वळून बघू नये. त्याला निवांत निवडू द्यावं.