बालमनाच्या जाणकार : डॉ. मारिया माँटेसरी



मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. कोणाचे चरित्र घ्यावे याचा विचार करीत असता आम्हांस गतवर्षीचा गुणगौरव समारंभ आठवला. साडेतीन वर्षांच्या एका बाळास व्यासपीठावर उभे करून पाढे म्हणावयास लावले होते. बाळ मध्येच अडखळले, भांबावले व रडू लागले. सभागृहात हशा पिकला. आम्हीही त्या हसण्यात सामील होतो. घरी परतल्यावर मात आमचे मन आम्हांस खाऊ लागले. कारण नोकरीच्या आरंभीच्या काळात, ज्यांची बोटे अद्याप पेन्सिल धरण्याजोगी झालेली नव्हती अशा मुलांकडून आम्ही अक्षरे गिरवून घेतली होती आणि अक्षर वाकडे आले म्हणून प्रसंगी पट्टीही उगारली होती. मूल केव्हा काय शिकू शकते हे ज्या विदुषीने आयुष्य वेचून जगास दाखविले, त्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे चरित्र सादर करून त्या चुकीचे अल्पसे परिमार्जन करावे, असे आम्ही योजिले आहे.

माँटेसरीबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटली देशातील कियारावाल्ले या लहानशा गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई वाचनाची आवड असलेली व मुलीच्या शिक्षणास सदैव पाठिंबा देणारी होती. १८७५ मध्ये हे कुटुंब रोम शहरी राहावयास आले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे असा तो काळ. परंतु मारियाने आधी तांत्रिक शाळेत शिक्षण घेतले आणि मग वैद्यक शिकण्याचा हट्ट धरला. वडिलांना हे रुचले नाही. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत स्त्रीने शवविच्छेदन करणे अशिष्ट मानले जाई, म्हणून तिला ते काम इतर विद्यार्थी गेल्यावर एकटीने करावे लागे. अशा स्थितीत १८९६ मध्ये त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

पुढे मनोरुग्णालयाशी संबंध आला असता तेथे ठेवलेली मंदबुद्धी मुले त्यांच्या दृष्टीस पडली. या मुलांना औषधापेक्षा हातांना व इंद्रियांना काम मिळण्याची गरज अधिक आहे, असे त्यांचे मत झाले. फ्रान्समधील इटार व सेगँ या दोन वैद्यांचे ग्रंथ त्यांनी बारकाईने अभ्यासिले व तशी साधने तयार करविली. त्यांच्या हाताखाली शिकलेली काही मुले सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा लोकांनी त्यांचे कौतुक केले. बाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला. मंद म्हणून बाजूस टाकलेली मुले येथवर येतात, तर धडधाकट मुलांना शाळेत असे काय होते की तीही येथेच अडून राहतात?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी ६ जानेवारी १९०७ रोजी आली. रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर हुंदडणारी व भिंती खराब करणारी पन्नासएक मुले तेथे गोळा केली होती. बाईंनी तेथे उपदेश केला नाही. त्या पाहत राहिल्या. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. तिला खुर्चीसह उचलून टेबलावर ठेवले, भोवती मुलांनी गाणी म्हटली, तरी तिचे लक्ष विचलित झाले नाही. चाळिसांहून अधिक वेळा तेच काम करून ती थांबली, तेव्हा थकलेली नव्हे तर विसावा घेऊन उठल्यासारखी प्रसन्न दिसत होती. मोठ्यांच्या दृष्टीने जो निरर्थक खेळ, तोच बालकाचा खरा उद्योग होय, हे बाईंनी त्या दिवशी ओळखिले.

लेखनाचेही असेच झाले. इतक्या लहान मुलांस लिहावयास शिकविण्याचा बाईंचा मानस नव्हता. परंतु मातांनीच तशी मागणी केली. तेव्हा त्यांनी सुतार वापरतात त्या खरकागदाची अक्षरे कापून मुलांच्या हाती दिली. मुले त्यांवरून बोट फिरवीत व उच्चार करीत. काही काळाने चार-पाच वर्षांची मुले एकाएकी खडूने जमिनीवर शब्द लिहू लागली आणि वाचन त्यामागून आले. पट्टी उगारल्याविना बोट आधी तयार झाले, अक्षर मागाहून आले. आम्ही मात्र नेमके उलट करीत होतो.

अशा निरीक्षणांतून त्यांनी बालविकासाच्या पायऱ्या मांडल्या. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत बालकाचे मन भोवतालचे सर्व काही टिपून घेते. त्यांतही पहिली तीन वर्षे ते नकळत टिपते व पुढील तीन वर्षे जाणूनबुजून हातांनी पडताळून पाहते. सहा ते बारा या वयात कार्यकारणभाव, न्याय-अन्याय व सवंगडी यांकडे ओढा असतो. बारा ते अठरा हा पुन्हा मोठ्या उलथापालथीचा काळ, आणि चोवीसपर्यंत माणूस प्रौढ होतो. विशिष्ट गोष्टीसाठी बालक विशिष्ट काळी अत्यंत उत्सुक असते, असेही त्यांनी दाखविले. भाषेचेच पाहा. तान्हे मूल प्रथम ध्वनी ऐकते, मग बडबडते, वर्षाच्या सुमारास अर्थपूर्ण शब्द काढते आणि दोन वर्षांच्या सुमारास शब्दांचा जणू पूर येतो. व्याकरण कोणी शिकविलेले नसते.

बाईंचे प्रत्येक मत आज जसेच्या तसे मान्य आहे असे नाही. भातुकली, घोडा-घोडा अशा कल्पनेच्या खेळांस त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. पुढील अभ्यासकांनी ते भाषा व समज यांना पोषक मानले आहेत. वयाच्या मर्यादाही तितक्या काटेकोर नसतात. दोन मुलांत काही महिन्यांचे अंतर सहज पडते. तथापि मूल हाकेस वळत नसेल वा बोलण्यात फारच मागे पडत असेल, तर वाट पाहत न बसता त्याची श्रवणशक्ती वैद्याकडून तपासून घ्यावी, हेही येथे सांगितले पाहिजे.

जगाच्या बालकांना जाणणाऱ्या या मातेच्या वाट्यास स्वतःच्या बालकाचे बालपण आले नाही. १८९८ मध्ये त्यांस पुत्र झाला. विवाह झालेला नसल्याने लोकापवादाच्या भयाने मारिओ यास खेड्यातील एका कुटुंबात ठेवावे लागले. आई अधूनमधून भेटीस जाई. पण आपण कोण हे सांगू शकत नसे. पंधरा वर्षांचा झाल्यावर तो त्यांच्याकडे आला, आणि तरीही पुष्कळ वर्षे लोकांत त्याची ओळख भाचा अशीच करून दिली जाई. ज्या वर्षांचे मोल त्यांनी जगास पटविले, तीच वर्षे त्यांच्या हातून निसटली होती.

मुसोलिनीच्या राजवटीशी न पटल्यामुळे १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. १९४० च्या जूनमध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओंना आपल्या अहमदनगर येथे स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने त्यांची मुक्तता केली. त्या संदेशात मारिओंचा उल्लेख भाचा असा नसून पुत्र असा होता, असे सांगतात. वृद्ध मातेस याहून मोठी भेट कोणती असणार! १९४६ पर्यंत त्या या देशी राहिल्या, शेकडो शिक्षकांस त्यांनी घडविले आणि येथील मातांच्या कडेवर वाढणारी तान्ही बालके पाहून अगदी पहिल्या वर्षांचा विचार अधिक खोलवर केला. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा विचार आपल्या मातीत रुजविण्याचे श्रेय गुजरातेत गिजुभाई बधेका व महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांना जाते. ताराबाईंनी महागड्या परदेशी साधनांऐवजी येथील माती, बिया, शंख-शिंपले वापरून बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी बालकांपर्यंत हे शिक्षण नेले. बालशिक्षण ही श्रीमंतांची मिरास नव्हे, हे त्यांनी सिद्ध केले.

ज्ञातिबांधवांस आमची एक नम्र सूचना आहे. येत्या स्नेहसंमेलनात सहा वर्षांखालील बालकांस व्यासपीठावर उभे करू नये. सभागृहाच्या एका कोपऱ्यात वाळू, पाण्याची बादली, वाट्या, भांडी व लाकडी ठोकळे ठेवावेत आणि त्यांना मनसोक्त खेळू द्यावे. मोठ्यांनी बाजूस बसून केवळ पाहावे. पाहताना आपल्याच घरातील बालकाची नवी ओळख होईल. आमच्या हातून जे घडले ते आता पुसता येणार नाही. परंतु आपल्या नातवंडांच्या बाबतीत तरी ते घडू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी खाली ठेवितो.